ऑलिम्पिक बास्केटबॉल: संघनिवडीचा वाद समजून घेण्यासाठी आणि सामने नीट पाहण्यासाठी नवख्यांना मार्गदर्शन

अमेरिकेच्या ऑलिम्पिक बास्केटबॉल संघातील बारा नावे जाहीर झाली की त्याच दिवशी वाद सुरू होतो. कोण राहिले, कोणाला उगाच घेतले आणि निवड करणाऱ्यांनी कोणाचे ऐकले, याची चर्चा पहिला सामना सुरू होण्याआधीच शिगेला पोहोचलेली असते. महाराष्ट्रात पहाटे उठून एनबीए, म्हणजे अमेरिकेतील पुरुषांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, पाहणारे तरुण आणि अमेरिकेत मुलांना शाळेच्या संघात खेळताना पाहून या खेळाकडे वळलेली मराठी कुटुंबे या चर्चेत नव्याने येतात, तेव्हा त्यांचा बहुधा गोंधळ उडतो. बोलणारे लोक एनबीएच्या मोजपट्टीने बोलत असतात आणि स्पर्धा मात्र वेगळ्या नियमांनी खेळली जाते. मी हा वाद बरीच वर्षे जवळून पाहत आलो आहे, त्यात हिरिरीने भागही घेतला आहे. ज्या क्रमाने गोष्टी समजून घेतल्या असत्या तर सगळे लवकर उमगले असते, त्या क्रमाने त्या पुढे मांडत आहे. उदाहरणे मुख्यतः २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची घेतली आहेत, कारण त्या वर्षी पुरुष आणि महिला या दोन्ही संघांच्या निवडीवरून मोठे वाद झाले आणि दोन्ही संघांनी सुवर्णपदक जिंकले.

सुरुवातीला जवळ ठेवायच्या गोष्टी

- बारा खेळाडूंची अधिकृत यादी. तिच्यात प्रत्येकाची उंची, वय आणि खेळण्याची जागा असावी.
- स्पर्धेचे गट आणि वेळापत्रक, तुमच्या घड्याळाप्रमाणे स्वतः मांडून घेतलेले.
- प्रत्येक सामन्यानंतर फिबा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, प्रसिद्ध करतो तो आकडेवारीचा तक्ता. कोणी किती मिनिटे खेळले हे त्यात दिलेले असते.
- एक साधी वही. चौथी पायरी वाचल्यावर तिचा उपयोग कळेल.

१. पाच जणांचा खेळ आणि तीन जणांचा खेळ वेगळे ओळखा

टोकियो ऑलिम्पिकपासून बास्केटबॉलची दोन स्वतंत्र पदके आहेत. पाच-पाच जणांचा नेहमीचा खेळ बंदिस्त सभागृहात पूर्ण मैदानावर होतो. तीन-तीन जणांचा खेळ अर्ध्या मैदानावर, दहा मिनिटांत किंवा एका संघाचे २१ गुण होईपर्यंत चालतो आणि त्याचे संघही निराळे असतात. वेळापत्रकात ‘बास्केटबॉल’ एवढेच वाचून टीव्ही लावला आणि लेब्रॉन जेम्स दिसला नाही, तर आपण बहुधा दुसराच खेळ पाहत असतो. या लेखात यापुढे फक्त पाच जणांच्या खेळाचा विचार आहे.

२. स्पर्धेची चौकट एका कागदावर काढा

पुरुषांचे १२ आणि महिलांचे १२ संघ असतात. त्यांचे चार-चार संघांचे तीन गट पडतात. प्रत्येक गटातील पहिले दोन संघ आणि तिसऱ्या क्रमांकावरील तिघांपैकी सरस ठरलेले दोन संघ, असे आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात. तेथून पुढे हरणारा संघ बाहेर पडतो. म्हणजे सुवर्णपदकासाठी एकूण सहाच सामने खेळायचे असतात.

गटातील गुणफरकाला येथे मोठे महत्त्व आहे. उपांत्यपूर्व फेरीतील जोड्या सोडतीने ठरतात आणि सोडतीसाठी संघांची क्रमवारी लावताना हा फरक मोजला जातो. त्यामुळे वीस गुणांनी जिंकत असलेला संघ शेवटच्या मिनिटालाही प्रमुख खेळाडू मैदानात का ठेवतो, असा प्रश्न पडला तर गुणतक्ता काढून पाहावा.

मुळात या बारा संघांत स्थान मिळवणेच अवघड असते. पॅरिसच्या पुरुष स्पर्धेसाठी यजमान फ्रान्स, २०२३ च्या विश्वचषकातून सात संघ आणि शेवटच्या पात्रता स्पर्धांतून चार संघ आले. स्पेन आणि ग्रीससारख्या देशांना ऑलिम्पिकच्या तोंडावर, जुलै महिन्यात पात्रता स्पर्धा जिंकून यावे लागले. भारताचा पुरुष संघ या स्पर्धेत एकदाच, १९८० साली मॉस्कोत खेळला आहे.

३. निवड कोण करते ते शोधून काढा

‘निवड समितीने अन्याय केला’ असे म्हणण्याआधी निवड कोणाच्या हाती असते ते पाहिले पाहिजे. अमेरिकेत हे काम यूएसए बास्केटबॉल ही संस्था करते. पुरुष संघाची सूत्रे २०२१ पासून माजी खेळाडू ग्रँट हिल यांच्याकडे आहेत. त्यांच्याआधी जेरी कोलान्जेलो यांच्याकडे ती होती. पॅरिसच्या वेळी प्रशिक्षक स्टीव्ह कर होते. महिला संघ तेव्हा समिती निवडत असे आणि शेरिल रीव्ह प्रशिक्षक होत्या. २०२५ मध्ये महिला संघाची जबाबदारीही एका व्यक्तीकडे, सू बर्ड यांच्याकडे सोपवण्यात आली. ही माहिती असली म्हणजे प्रश्न योग्य माणसाला विचारता येतो. यादी ठरवणारा एक आणि त्या यादीतून सामन्यात खेळवणारा दुसरा असतो, हे नवखे प्रेक्षक सर्रास विसरतात.

कोलान्जेलो यांच्याकडे सूत्रे का आली, हेही माहीत असावे. १९८९ साली फिबाने एनबीएच्या खेळाडूंना ऑलिम्पिकचे दार उघडले आणि १९९२ च्या बार्सिलोनात मायकल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड यांचा ‘ड्रीम टीम’ म्हणून गाजलेला संघ अवतरला. त्या यादीवरही वाद झालाच. डेट्रॉइटचा आयझेया थॉमस वगळला गेला आणि महाविद्यालयीन खेळाडूसाठी ठेवलेली एक जागा शकील ओनीलऐवजी क्रिश्चन लेटनरला मिळाली. या दोन निर्णयांवर आजही चर्चा होते. त्यानंतर २००४ साली अथेन्समध्ये अमेरिकेचा संघ प्वेर्तो रिकोकडून ९२-७३ असा हरला, उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाने त्याला नमवले आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. नामवंत खेळाडू ऐनवेळी गोळा केले की संघ तयार होतो, या समजुतीला तो मोठा धक्का होता. त्यानंतर सूत्रे कोलान्जेलो यांच्याकडे आली. खेळाडूंकडून काही वर्षांची बांधिलकी मागण्याची पद्धत त्या पराभवातून आली आणि २००८ च्या बीजिंगमध्ये तिचे फळ मिळाले.

४. यादी वाचताना २०० मिनिटांचा हिशेब करा

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो, तर ऑलिम्पिकचा ४० मिनिटांचा. मैदानात पाच जण असल्याने प्रशिक्षकाकडे वाटायला एकूण २०० मिनिटे असतात. ती बारा जणांत सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सतरा मिनिटेसुद्धा येत नाहीत. आपापल्या संघात दररात्री पस्तीस मिनिटे खेळणारे हे लोक आहेत. बाद फेरीत प्रमुख पाच-सहा जण पंचवीस ते तीस मिनिटे खेळले की उरलेल्यांसाठी किती शिल्लक राहते, ते वहीत मांडून पाहावे. आठव्या क्रमांकानंतर निवडलेला खेळाडू अतिशय थोडा वेळ आणि अतिशय ठरावीक कामासाठी मैदानात उतरतो, हे त्या आकड्यांवरूनच स्पष्ट होते.

म्हणून वहीच्या एका पानावर बारा नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे त्याचे काम नोंदवावे. चेंडू पुढे आणून डाव लावणारा कोण, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम गार्डला, म्हणजे चेंडू हाताळत बाहेरून खेळणाऱ्याला, रोखणारा कोण, बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच सेंटरशी झुंजणारा कोण, कोपऱ्यात उभा राहून मिळालेल्या पासवर तीन गुण काढणारा कोण, आणि मोठ्या खेळाडूचे फाउल भरले तर त्याची जागा घेणारा कोण. असे केल्यावर कोणत्या कामाला तीन जण आहेत आणि कोणत्या कामाला एकही नाही, हे दिसू लागते. निवडीवरील खरी टीका या पानावर सुरू होते. ‘तेरावा सर्वोत्तम खेळाडू कोण’ या प्रश्नाने ती होत नाही.

फिबाचे नियमही या पानावर परिणाम करतात. एनबीएत बचाव करणाऱ्या उंच खेळाडूला, जवळ कोणी प्रतिस्पर्धी नसताना, बास्केटसमोरील पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. फिबात ते बंधन नाही, त्यामुळे उंच सेंटर तेथे ठाण मांडून बसतो आणि आत घुसून गुण काढणे कठीण होते. तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर आहे, म्हणजे एनबीएच्या रेषेपेक्षा जवळ, त्यामुळे लांबून अचूक मारा करणाऱ्याची किंमत आणखी वाढते. फिबात चेंडू रिंगला लागल्यावर कोणीही त्याला हात लावू शकतो. आणि पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर जातो, तर एनबीएत सहा झाल्यावर. एनबीएच्या ८२ सामन्यांची सरासरी दाखवून ‘हा का नाही’ असे विचारणाऱ्याने हे चारही फरक आधी लक्षात घ्यावेत.

५. दोन गाजलेली प्रकरणे स्वतः तपासून पाहा

पहिले प्रकरण डेरिक व्हाइट आणि जेलन ब्राउन यांचे. पॅरिससाठीची यादी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाली. जूनमध्ये बॉस्टन सेल्टिक्सने एनबीएचे विजेतेपद मिळवले आणि ब्राउन अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. जुलैत यादीतला कवाय लेनर्ड संघाबाहेर गेला आणि त्याच्या जागी घेतले गेले ते ब्राउनचाच सहकारी डेरिक व्हाइट याला. ब्राउनने समाजमाध्यमांवर उघड नाराजी दाखवली आणि निवडीमागे एका बूट कंपनीचा हात असल्याचे सुचवले. चाहत्यांत दोन तट पडले.

आता वही उघडा. लेब्रॉन जेम्स, स्टीफन करी, केव्हिन ड्युरंट, डेव्हिन बुकर, अँथनी एडवर्ड्स आणि जेसन टेटम असे गुण काढणारे सहा जण आधीच संघात होते. व्हाइट हा चेंडू हातात नसतानाही उपयोगी पडणारा, बचावात कसलेला गार्ड आहे आणि थोड्या मिनिटांच्या भूमिकेला असा खेळाडू साजतो. ही एक बाजू झाली. दुसरी बाजूही तितकीच विचार करण्याजोगी आहे. लेनर्ड फॉरवर्ड, म्हणजे गार्ड आणि सेंटर यांच्या मधल्या जागेचा खेळाडू होता, उंच आणि दणकट प्रतिस्पर्ध्यांना रोखण्याचे काम त्याचे होते, आणि त्या कामासाठी व्हाइटपेक्षा ब्राउन अधिक जवळचा पर्याय होता. मी स्वतः व्हाइटच्या निवडीच्या बाजूने आहे, कारण ज्याला चेंडू हवा असतो असा सातवा खेळाडू त्या संघात बसला नसता असे मला वाटते. पण ब्राउनच्या बाजूने बोलणाऱ्याने कामाचा मुद्दा मांडला तर तो वाद ऐकण्यासारखा होतो. बूट कंपनीच्या मुद्द्यावर मात्र कोणाकडेही दाखवायला पुरावा नव्हता.

दुसरे प्रकरण केटलिन क्लार्कचे. महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये अफाट लोकप्रियता मिळवून ती त्याच वर्षी डब्ल्यूएनबीएत, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, आली होती. जून २०२४ मध्ये महिला संघ जाहीर झाला तेव्हा तिचा पहिला व्यावसायिक मोसम सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. एप्रिलमधील राष्ट्रीय सराव शिबिराला तिला बोलावणे होते, पण त्याच दिवसांत ती आयोवा विद्यापीठाकडून राष्ट्रीय स्पर्धेचे अखेरचे सामने खेळत होती. अमेरिकेच्या वयोगट संघांकडून ती खेळली होती, वरिष्ठ संघाकडून नाही. संघातल्या गार्ड डब्ल्यूएनबीएत वर्षानुवर्षे मुरलेल्या होत्या आणि त्यांच्यात ४२ वर्षांची डायना टोरासीही होती. सगळा वाद टोरासीच्या जागेवर येऊन थांबला.

अंतिम सामन्यात अमेरिकेने फ्रान्सला ६७-६६ असे हरवले. शेवटच्या क्षणी फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सने मारलेला चेंडू बास्केटमध्ये गेला, पण तिचा पाय रेषेवर असल्याने तीनऐवजी दोनच गुण मिळाले आणि सामना जादा वेळेत गेला नाही. सलग आठवे सुवर्णपदक मिळाले. टोरासीला त्या सामन्यात एकही मिनिट खेळवले गेले नाही. क्लार्कच्या समर्थकांनी म्हटले की ती जागा नव्या खेळाडूला देता आली असती. निवडीच्या समर्थकांनी म्हटले की सुवर्ण मिळाले, विषय संपला. मला दुसरा युक्तिवाद कमकुवत वाटतो. एका पावलाच्या अंतरावर ठरलेला निकाल निवडीचा पुरावा होऊ शकत नाही. क्लार्कला न घेण्याचे समर्थन शिबिर, अनुभव आणि त्या महिन्यातील खेळ यांच्या आधारे करता येते आणि ते तसेच करावे. तसेच नेका ओगुमिकेसारखी, लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरूनही टोकियोच्या संघातून वगळली गेलेली खेळाडू याआधी होऊन गेली आहे, हेही लक्षात ठेवावे. जागा कमी आणि दावेदार फार, ही महिला संघाची जुनीच अडचण आहे.

६. वादात उतरताना हे सापळे टाळा

पहिला सापळा निकालावरून निवड ठरवण्याचा, तो वर आलाच आहे. दुसरा सापळा तुकड्यांचा. तीस सेकंदांच्या चित्रफितीत बास्केट दिसते, बचाव दिसत नाही. पूर्ण सामना न पाहता एखाद्याला नालायक ठरवू नये.

तिसरा सापळा अधिक खोल आहे. अमेरिकेबाहेरच्या संघांना केवळ प्रतिस्पर्धी म्हणून मोजले जाते आणि त्यांच्या निवडीचा अभ्यास कोणी करत नाही. २०२३ चा विश्वचषक जर्मनीने जिंकला आणि उपांत्य सामन्यात त्यांनी अमेरिकेला ११३-१११ असे हरवले. त्या अमेरिकी संघातील फक्त एडवर्ड्स आणि टायरीस हॅलिबर्टन हे दोघे पॅरिसच्या संघात होते. जर्मनी, सर्बिया यांसारखे संघ मात्र बऱ्याच अंशी तेच खेळाडू घेऊन उन्हाळ्यामागून उन्हाळा एकत्र खेळतात. दक्षिण सुदानचा संघ तर पहिल्यांदाच ऑलिम्पिकला आला होता. सराव सामन्यात त्याने अमेरिकेला १०१-१०० पर्यंत झुंजवले आणि पॅरिसमध्ये प्वेर्तो रिकोला हरवून आपला पहिला ऑलिम्पिक विजय मिळवला. नव्या प्रेक्षकाने अमेरिकेखेरीज निदान एका संघाची यादी याच पद्धतीने वाचावी, असा माझा आग्रह आहे.

राष्ट्रीयत्वाचा नियमही येथेच समजून घ्यावा. वयाच्या सोळाव्या वर्षांनंतर नागरिकत्व मिळालेला एकच खेळाडू एका संघात चालतो. अमेरिकेत जन्मलेला लोरेन्झो ब्राउन स्पेनकडून खेळला तो याच जागेवर.

७. सामना पाहताना मिनिटांकडे लक्ष ठेवा

पॅरिसमध्ये सर्बियाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात जेसन टेटमला एक मिनिटही मिळाले नाही. नुकत्याच एनबीए विजेत्या ठरलेल्या बॉस्टनचा हा प्रमुख खेळाडू होता, त्यामुळे मोठा गदारोळ झाला. पुढे उपांत्य सामन्यात, पुन्हा सर्बियाविरुद्धच, तो बसूनच राहिला. हे का झाले ते कळण्यासाठी सर्बियाचा सेंटर निकोला योकिच मैदानात असताना अमेरिकेने त्याच्यासमोर कोणाला उभे केले आणि त्यामुळे फॉरवर्डच्या जागेवर किती मिनिटे उरली, हे पाहावे लागते. दुखापतीतून परतलेल्या ड्युरंटने पहिल्या सामन्यात राखीव म्हणून येऊन २३ गुण केले, तेव्हाच टेटमची मिनिटे गेली होती. प्रशिक्षक कर यांचा निर्णय योग्य होता की नव्हता यावर मतभेद असू शकतात. माझ्या मते पहिल्या सामन्यात टेटमला खेळवायला हवे होते. पण निर्णय अनादरातून आला असे म्हणणे चूक आहे.

तो उपांत्य सामना नव्या प्रेक्षकांनी शोधून संपूर्ण पाहावा. चारपैकी तीन सत्रांनंतर सर्बिया ७६-६३ असा पुढे होता आणि अमेरिकेने ९५-९१ असा विजय खेचून आणला. करीने ३६ गुण केले. शेवटच्या सत्रात कोणते पाच जण मैदानात होते ते लिहून घ्यावे आणि मग आपल्या वहीतील कामांच्या पानाशी ताडून पाहावे. अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्ध करीने तीन गुणांच्या आठ बास्केट केल्या आणि निकाल ९८-८७ असा लागला. फ्रान्सचा उंच व्हिक्टर वेम्बन्यामा समोर असताना लांबून मारा करणारा का लागतो, हे त्या सामन्यात डोळ्यांनी दिसते.

सामना सुरू असताना टाइमआउटही, म्हणजे सूचना देण्यासाठी खेळ थांबवण्याच्या सवलतीही, मोजावेत. पूर्वार्धात दोन आणि उत्तरार्धात तीनच मिळतात आणि ते फक्त प्रशिक्षकालाच मागता येतात.

८. वेळ, प्रक्षेपण आणि २०२८ ची तयारी

पॅरिसच्या वेळी भारतात स्पोर्ट्स१८ आणि जिओसिनेमावर सामने दिसत होते, त्याआधी टोकियोच्या वेळी सोनीवर. हक्क दरवेळी बदलू शकतात, म्हणून स्पर्धेच्या दोन-तीन महिने आधी अधिकृत घोषणा पाहूनच वर्गणी भरावी. अनधिकृत दुवे टाळावेत. नेमक्या शेवटच्या सत्रात ते बंद पडतात आणि फोनची सुरक्षाही धोक्यात येते. अमेरिकेतील मराठी कुटुंबांना एनबीसी आणि पीकॉकवर सामने मिळतात.

पॅरिसचा पुरुषांचा अंतिम सामना तिथे १० ऑगस्टच्या रात्री होता, आपल्याकडे मात्र ११ ऑगस्टची रात्रीची एकची वेळ होती. तारखेच्या या फरकामुळे अनेक जण सामन्याला मुकतात. २०२८ चे ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला १४ ते ३० जुलै या काळात होणार आहे आणि बास्केटबॉल इंगलवुड येथील इंट्युइट डोममध्ये खेळले जाईल. जुलैत तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. तिथला संध्याकाळी सातचा सामना आपल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दिसेल आणि दुपारी बाराचा सामना मध्यरात्रीनंतर साडेबाराला. वेळापत्रक हाती आले की भारतीय तारीख आणि वार दोन्ही लिहून ठेवावेत.

प्रत्यक्ष जाण्याचा विचार असेल तर तिकीट फक्त आयोजकांच्या अधिकृत व्यवस्थेतून घ्यावे. हाती तिकीट असले म्हणून व्हिसा मिळेलच असे नाही. त्यामुळे पासपोर्टची मुदत आणि व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आधी पाहावी, मग बाकीचा खर्च करावा.

तोवर सराव करायला २०२७ मध्ये दोहा येथे होणारा पुरुषांचा विश्वचषक आहे. अमेरिकेच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकपद आता एरिक स्पोएल्स्ट्रा यांच्याकडे आणि महिला संघाचे कारा लॉसन यांच्याकडे आहे. दोहासाठी यादी जाहीर होईल त्या दिवशी वहीत नवे पान उघडून बारा नावांपुढे कामे लिहावीत आणि कोणते काम कोणाविना राहिले आहे ते स्पर्धेआधीच नोंदवून ठेवावे.